गुणवत्ता, समता आणि शाळेतले ज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी माध्यमाच्या एका ग्रामीण माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे गणित शिकवले. पालकसभेत, शिक्षक प्रशिक्षणात आणि निवृत्तीनंतर एसटी स्टँडवर भेटणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे माझी आहेत. कुठे माझे मत ठाम आहे आणि कुठे मी अजून विचारच करतो आहे, हे वाचताना कळेल.

हा वाद नेमका कशाबद्दल आहे?

शाळेत सगळ्यांना काय शिकवायचे आणि ते किती अवघड ठेवायचे, याबद्दल. एक बाजू म्हणते, पातळी खाली आणली तर गुणवत्ता बुडेल. दुसरी म्हणते, पातळी वर ठेवली तर गरिबाची मुले गळतील. तिसरी, जरा हळू आवाजात, विचारते की ही 'पातळी' ठरवली कोणी आणि त्या पुस्तकात आमचे काय आहे?

तिन्ही प्रश्न खरे आहेत. पण चर्चा सुरू झाली की दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते: मुलाला शिकवायचे काय, आणि मुलाला पास झाल्याचा दाखला द्यायचा कधी. माझे जवळजवळ सगळे म्हणणे या गल्लतीभोवतीच आहे.

गुणवत्ता म्हणजे शेवटी गुणच ना?

आपल्या भाषेने इथे आपल्याला थोडे फसवले आहे. 'गुण' म्हणजे अंगचा चांगुलपणा आणि 'गुण' म्हणजे पेपरात पडलेले मार्क. त्यामुळे 'गुणवत्ता' म्हटले की गुणपत्रिका डोळ्यांपुढे येते आणि गुणपत्रिका पाहिली की माणूस मोजून झाला असे वाटते. उलट बाजूला 'ढ' हे एक अक्षर ठेवले आहे. हे अक्षर ब्राह्मीपासून फारसे बदललेच नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, असे आम्हाला लहानपणी सांगत. अक्षराबद्दल ते ठीक असेल, पण वर्गातल्या मुलाबद्दल हे बोललेले मला कधी सहन झाले नाही.

गुण किती हलके-जड असतात याचा राज्यव्यापी पुरावा आपल्याकडे आहे. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे, शाळेकडून मिळणारे अंतर्गत २० गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. मग ते गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के. तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुले आधी मठ्ठ आणि मग एकदम हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजपट्टी.

गणित-विज्ञानात २० गुण मिळाले तरी दहावी पास, असे वाचले. हे खरे आहे का?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याचा शालेय शिक्षणाचा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात तशी तरतूद आहे. गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण किमान २० गुण असतील, तर विद्यार्थ्याला पुढे जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा येईल, की या विषयांवर आधारलेल्या पुढच्या अभ्यासक्रमांना तो पात्र नाही. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षेला बसायचे. बातमी आली तेव्हा अनेकांना वाटले की नियम लगेच लागू झाला. तसे नाही. तो नव्या अभ्यासक्रमासोबत येण्यासाठी आहे. २०२५ ची परीक्षा ३५ वरच झाली.

या तरतुदीमागची कळकळ मी नाकारत नाही. दहावीला गणितात राहिलेल्या मुलीचे काय होते, हे मी पाहिले आहे. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला वडील येत नाहीत. दिवाळीनंतर तिच्या लग्नाची पत्रिका येते. एका विषयाच्या सात-आठ गुणांनी तिचे नर्सिंगही गेले आणि कलाशाखेची अकरावीही हातची निसटली. एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन अकरावीला जाण्याची सोय आहे, पण ती माहीत असलेली घरे वेगळी आणि माझ्या वर्गातली घरे वेगळी.

मग तुम्ही त्या तरतुदीच्या बाजूने आहात?

अर्ध्या. मुलीला दाखला द्या, यासाठी मी हात वर करीन. शेऱ्याला माझा विरोध आहे, आणि त्याहून मोठी भीती मला वर्गातल्या परिणामांची वाटते.

आधी हिशेब पाहू. १०० गुणांत लेखी ८० आणि अंतर्गत २०. अंतर्गत गुण कसे पडतात हे शिक्षकांना सांगायला नको. १८ पडले असे धरा. मग ३५ होण्यासाठी लेखी ८० पैकी १७ हवेत. हाच हिशेब २० ला लावला तर ८० पैकी २. दोन गुणांसाठी मुलाला काही शिकवावे लागत नाही.

आता वर्गात या. आजही परीक्षेच्या आधी 'कच्च्या' मुलांची वेगळी बाके लावली जातात आणि त्यांना 'पास होण्यापुरते' शिकवले जाते. भूमितीत भौमितिक रचना पाठ करून घ्यायच्या, बीजगणितात सांख्यिकी आणि दोन चलांतील समीकरणांचा आलेख. समरूपता, त्रिकोणमिती, वर्गसमीकरणे त्यांच्यासाठी नाहीतच. मीही हे केले आहे. केले तेव्हा मला ते दयाळूपणाचे वाटले होते. नंतर एकदा, गवंडीकाम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने जिन्याचा चढ कसा काढायचा म्हणून विचारले, तेव्हा लक्षात आले की त्रिकोणमितीच्या तासाला मी त्यालाच मागच्या बाकावर रचना गिरवायला बसवले होते.

पातळी २० वर आली की ही मागची बाके आणखी लवकर लागतील, कदाचित सातवीतच. आणि शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर येईल? ज्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी होती, तिथल्या मुलांच्या. शाळेची उणीव पंधरा वर्षांच्या पोराच्या नावावर कायमची लिहिली जाईल.

पण सगळ्यांना बीजगणित हवेच कशाला? आयुष्यात बेरीज-वजाबाकी पुरते.

हा प्रश्न मला कधी डॉक्टरच्या किंवा इंजिनिअरच्या पालकाने स्वतःच्या मुलाबद्दल विचारलेला आठवत नाही. तो नेहमी दुसऱ्याच्या मुलाबद्दल असतो.

१९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने शिफारस केली की पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचे असावे, सामान्य शिक्षणाचाच भाग म्हणून. त्याआधी माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाच्या विचाराने माध्यमिक पातळीवरच मुलांचे वेगवेगळे गट पाडण्याकडे कल होता. कोठारींनी ती फारकत दहावीच्या पुढे ढकलली. १९७५ साली महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली, ती याच विचारातून. शेतमजुराच्या आणि कलेक्टरच्या मुलाला दहावीपर्यंत एकच गणित, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. ती साधी नव्हती.

आणि 'उपयोग' म्हणाल, तर सध्याच्या दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. गावात चिट फंडात पैसे बुडालेली घरे मोजली तर टक्केवारी न समजण्याची किंमत कळते. पण खरे सांगायचे तर मी उपयोगावर फार भर देत नाही. माहीत नसलेल्या संख्येला 'क्ष' म्हणायचे आणि ती सापडेपर्यंत तिच्याशी वागत राहायचे, ही माणसाने शोधलेली एक विलक्षण गोष्ट आहे. ती भेटण्याचा हक्क मुलाच्या बापाच्या सातबाऱ्यावर अवलंबून नसावा.

पूर्वी 'सामान्य गणित' होते ना? ते चांगले नव्हते का?

होते. नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ते घेता येई. २०१७-१८ पासून नववीला आणि पुढच्या वर्षी दहावीला ते बंद झाले. अनेक पालक हळहळले, विशेषतः ज्यांच्या मुलांना अध्ययन अक्षमता आहे ते. त्यांच्यासाठी वेगळी सवलत हवीच, आणि ती आहे. तो वैद्यकीय कारणाचा प्रश्न आहे, त्याची सरमिसळ या वादात करू नये.

बाकी मुलांबाबत माझा अनुभव असा की सामान्य गणित 'निवडले' जात नसे, ते नेमून दिले जाई. नववीच्या सुरुवातीला शिक्षकच सांगत, तुला जमणार नाही, तू सामान्य घे. कोणाला सांगत, हे गावातल्या वस्त्यांचा नकाशा समोर ठेवला तर ओळखता आले असते.

सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून गणिताच्या दोन पातळ्या आणल्या. त्यात एक गोष्ट शहाणपणाची आहे: वर्षभराचा अभ्यासक्रम आणि पुस्तक दोघांना एकच, फरक फक्त शेवटच्या प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात. म्हणजे वर्गात मागची बाके लावायला निदान कागदोपत्री जागा नाही, आणि मुलाला निर्णय घ्यायला वेळ मिळतो. आपल्याकडे काही सवलत द्यायचीच असेल तर ती या अंगाने द्यावी.

आठवीपर्यंत ढकलपास केल्यानेच मुले कच्ची राहिली, हे तरी मान्य आहे का?

ढकलले, हे मान्य आहे. नापास न करण्याचे कलम शिक्षण हक्क कायद्यात २००९ साली आले, १ एप्रिल २०१० पासून लागू झाले. त्याच कायद्यात सातत्यपूर्ण मूल्यमापन होते, म्हणजे मूल कुठे अडले ते दर आठवड्याला बघायचे आणि तिथेच हात द्यायचा. पहिला भाग पाळायला काहीच करावे लागत नव्हते, म्हणून तो पाळला गेला. दुसऱ्यासाठी शिक्षक, वेळ आणि कमी कागदपत्रे लागत होती. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलून पाचवी आणि आठवीला परीक्षेची मुभा दिली आणि आपल्या राज्याने २०२३-२४ पासून ती घेतली.

नापास करून मूल शिकते का? त्याच वर्गात, त्याच शिक्षकाकडून, तेच पुस्तक दुसऱ्यांदा. माझ्याकडे नववीत आलेली मुले कुठे अडलेली असत ते सांगतो: तीन चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश. उत्तर चार षष्ठांश लिहीत, वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवून. ही चूक चौथी-पाचवीतली आहे. तिच्यावर नववीचे अख्खे वर्ष पुन्हा काढायला लावणे म्हणजे टाचेत काटा असताना खांद्याला मालिश. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२४ सालीही देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला नाही. दुखणे तिथे आहे. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' ने मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या वाचनाच्या आणि अंकांच्या पातळीप्रमाणे दिवसातला थोडा वेळ गटात बसवून शिकवण्याची पद्धत बसवली. ती मी शाळेत करून पाहिली आहे. रोज एक तास, दोन महिने. अपूर्णांक सुटतात. उरलेले पाच तास मात्र सगळी मुले आपापल्या वर्गातच हवीत.

अभ्यासक्रम कमी करणे म्हणजे ओझे कमी करणेच नाही का?

अभ्यासाच्या ओझ्याबद्दलच्या १९९३ च्या यशपाल समितीचे नाव यासाठी नेहमी घेतले जाते, पण तिचे म्हणणे नीट वाचले जात नाही. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक वाईट आहे, असे समितीने म्हटले होते. धडे कमी करून उरलेले न समजताच पाठ करून घेतले, तर ओझे तेवढेच राहते.

कोणता धडा काढता, हा प्रश्न तर अजून मोठा. केंद्राची पुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग आणि आवर्त सारणीचे प्रकरण गेले. सांगण्यात आले की पुढच्या इयत्तांत ते आहेच. आहे, पण अकरावी-बारावीला विज्ञान घेणाऱ्यांसाठी. जो दहावीनंतर आयटीआयला गेला, जी कलाशाखेला गेली, जो शेतावर गेला, त्याला माणूस कुठून आला हे शाळा कधीच सांगणार नाही. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनचे पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, आणि भाग एकमध्ये मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण आहे. ही दोन प्रकरणे या पुस्तकांत आहेत याचा मला अभिमान वाटतो. नव्या पुस्तकांच्या वेळी ती जागची हलू नयेत म्हणून शिक्षक संघटनांनी आत्ताच बोलायला हवे.

महात्मा फुले या वादात कुठे उभे राहिले असते?

अंदाज करायची गरज नाही, १९ ऑक्टोबर १८८२ चे त्यांचे ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढचे निवेदन उपलब्ध आहे. प्रत्येक शिक्षकाने ते एकदा वाचावे, कारण आजचा वाद त्यात जवळजवळ जसाच्या तसा आहे.

शेतकऱ्याच्या घामाच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि ज्ञान वरून खाली आपोआप झिरपेल असे सरकार मानते, यावर त्यांनी झोड उठवली. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. शिकवायचे काय, तर वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. खेड्यातल्या शाळेत विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, पण ते कमी व्यावहारिक असता कामा नयेत, असेही ते म्हणतात. हे वाक्य मला बराच काळ अडवत असे. खेड्याला कमी विषय? फुल्यांनी असे का म्हणावे? आता वाटते, ज्या गावात शाळाच नाही तिथे ती उद्या सुरू व्हावी म्हणून केलेली ती मागणी होती. दीडशे वर्षांनंतर तीच सवलत कायमची मर्यादा म्हणून वापरणे त्यांना रुचले नसते.

शिष्यवृत्त्यांबद्दल ते जे बोलले ते तर गुणवत्तेच्या वादाचे मूळच आहे. निव्वळ चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे वरवर न्याय्य दिसले तरी त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, म्हणून त्यातल्या काही मागे राहिलेल्यांसाठी ठेवा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. दोन्ही पावले टाकावी लागतात, हे त्यांना कळले होते.

आणि बाबासाहेब?

एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतः मिळवले. आज तेच संस्कृत दहावीला 'स्कोअरिंग' म्हणून घेतले जाते, पैकीच्या पैकी पाडून घेण्यासाठी. ज्ञानाची वाटणी जातीवर होत होती, ती थांबवायला शतक लागले. मग पंधरा वर्षांच्या वयात 'तुझ्या आवाक्यातले नाही' असे म्हणून दार लावताना आपला हात जरा थरथरायला हवा.

पुस्तकातले ज्ञान तरी कोणाचे? आमच्या मुलांना घरी जे येते त्याला शाळेत किंमतच नाही.

ही तक्रार रास्त आहे. गवंड्याच्या मुलाला ओळंबा आणि गुण्या माहीत असतो. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का, हे पाहायला तीन फूट, चार फूट आणि तिरके पाच फूट मोजायचे, हे त्याने बापाच्या हातून पाहिलेले असते. पायथागोरसच्या प्रमेयाला मी या मुलाला फळ्याजवळ बोलवत असे. वर्ग त्याच्याकडे बघे. शेतकऱ्याच्या मुलाला गुंठा माहीत असतो: तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर लिहिलेले. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे गुंठ्यापेक्षा किंचित कमी. हा 'किंचित' काढायला लावला की एककांचे रूपांतर अख्ख्या वर्गाला समजते, आणि घरी जाऊन मुले आजोबांचा उतारा तपासतात.

पण इथेच थांबणाऱ्यांशी माझे जमत नाही. तीन-चार-पाच हे बापाला माहीत आहे. ते का चालते, पाच-बारा-तेराही का चालते आणि असे किती त्रिकूट निघतील, हे बापाला माहीत नाही. ते शाळेने सांगायचे. घरचे ज्ञान आदराने आत घ्यायचे आणि मुलाला त्याच्या घरी नसलेले ज्ञानही द्यायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी शाळा कुरणात नेली, गुरे राखता राखता शिकता यावे म्हणून. शाळेची जागा आणि वेळ मुलांप्रमाणे बदलली, शिकवण्याची इच्छा मात्र त्यांनी कमी केली नाही.

भाषेचा मुद्दा याहून कठीण. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा स्वतः उभी केली आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. मला गोंडी येत नाही, त्यामुळे तिथल्या अभ्यासक्रमाबद्दल बोलणार नाही. पण पहिलीत आपली भाषा ऐकू न आलेले मूल तिसरीत 'गुणवत्ता' दाखवील, ही अपेक्षा धरणाऱ्यांनी आपल्या मुलाला महिनाभर अनोळखी भाषेच्या वर्गात बसवून पाहावे.

'वीस सात' की 'सत्तावीस'?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची ही पद्धत आली आणि विधानसभेपर्यंत चेष्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या: २७ लिहिताना आधी २, पण 'सत्तावीस' म्हणताना आधी सात, यात लहान मुले अडखळतात; जुने शब्द काढलेले नाहीत, नवी पद्धत सोबत दिली आहे.

मी 'सत्तावीस' म्हणतच वाढलो आणि ते शब्द मला प्रिय आहेत. एकुणसाठ, एकुणसत्तर यांत आपल्या भाषेची गंमत आहे. तरीही त्या वादात मी नारळीकर बाईंच्या बाजूने होतो. ज्याच्या घरी आजी पाढे म्हणून घेते त्याला 'वीस सात' ची गरज नाही. ज्याच्या घरी कोणी शाळा पाहिली नाही, त्याला ती पहिली पायरी होती. त्यांनी २७ या संख्येला हात लावला नाही, तिथे पोचण्याची वाट सोपी केली. आणि आपण काय केले, तर हसलो.

बाहेरच्या देशांत काय झाले?

एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या प्रश्नाच्या फार जवळचे आहे आणि तिकडे राहणाऱ्या मराठी पालकांकडून त्याची विचारणाही झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतले बीजगणित काढून सगळ्यांना नववीतच द्यायचे ठरवले. हेतू समतेचा होता, आठवीतच मुलांची वाटणी होऊ नये हा. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर शिकवण्या आणि ऑनलाइन वर्ग लावले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची वाट लांबली. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी आठवीत बीजगणित परत आणण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे क्लासेसचे पीक त्यांच्याहून किती तरी मोठे आहे. शाळेने सोडलेली जागा इथे एका रात्रीत विकली जाते.

ब्रिटनमधले शिक्षणाचे अभ्यासक मायकेल यंग यांचे म्हणणे मला पटते. सत्तरच्या दशकात ते म्हणत, शाळेतले ज्ञान म्हणजे सत्ताधाऱ्यांचे ज्ञान. पुढे त्यांनी विचार बदलला: काही ज्ञान स्वतःच सामर्थ्य देणारे असते आणि नेमके तेच गरिबाच्या मुलाला शाळेशिवाय कुठे मिळत नाही. 'मेरिटोक्रसी' (गुणवंतांची सत्ता) हा शब्द १९५८ मध्ये टीकेसाठी वापरून प्रसिद्ध करणारे मायकेल यंग वेगळे. नाव एकच असल्याने लेखांत घोळ होतो.

हा सगळा वाद शेवटी आरक्षणाचाच आहे ना?

नाही. आरक्षण प्रवेशाच्या दारावर असते. अभ्यासक्रम त्याआधीची दहा-बारा वर्षे आहे. ती वर्षे नीट गेली तर दारावरची भांडणे कमी कडू होतील, एवढाच संबंध.

आता राज्यात सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम येतो आहे. त्याने समता येईल?

२०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. यामागचे एक कारण मी समजू शकतो. २०१६ मध्ये 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा अचानक सक्तीची झाली तेव्हा आपली मुले रडकुंडीला आली होती, कारण त्यांनी राज्य मंडळाचा अभ्यासक्रम केला होता आणि परीक्षा दुसऱ्यावर बेतलेली. केंद्राला एका वर्षाच्या सवलतीचा अध्यादेश काढावा लागला. परीक्षा देशाची असेल तर पुस्तक गावाचे ठेवून मुलाचे नुकसान होते, हे खरे.

पण पुस्तक सारखे केले म्हणून शाळा सारख्या होत नाहीत. पटसंख्या वीसच्या आत असलेल्या शाळेत एक शिक्षक चार इयत्ता सांभाळतो. त्या शाळा बंद करून समूहशाळा काढायच्या म्हणाल, तर ओढा ओलांडून पाच किलोमीटर जाणारी मुलगी पावसाळ्यात येत नाही. २०२४ मध्ये सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट देण्याचा नियम झाला, तो उच्च न्यायालयाने जुलैत रद्द ठरवला. अभ्यासक्रम एक करायचा आणि मुलांना मात्र वेगवेगळ्या शाळांत ठेवायचे, हे एकत्र नांदत नाही. परिसरातली सगळी मुले एकाच शाळेत, हे कोठारी आयोगाने सांगितले होते. त्याबद्दल आता कोणी बोलतही नाही.

माझी मुलगी नववीत आहे, गणितात कच्ची आहे. शाळा म्हणते, हिचा १७ नंबरचा फॉर्म भरा. काय करू?

ताई, सही करू नका. निदान आज नको.

१७ नंबरचा फॉर्म हा शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी देता यावी म्हणून आहे. काही शाळा आपला निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतूनच तिकडे ढकलतात. मग मुलीला ना शिक्षक, ना वर्ग, ना मैत्रिणी. मुख्याध्यापकांना लेखी विचारा की मुलगी कशात अडली आहे. 'गणितात' हे उत्तर घेऊ नका. अपूर्णांक, ऋण संख्या, भागाकार की समीकरण, ते लिहून मागा. नसेल सांगत, तर पाचवीचे पुस्तक आणा, त्यातल्या अपूर्णांकांच्या प्रकरणाचा सरावसंच तिच्यासमोर ठेवा आणि पेन्सिल कुठे थांबते ते नुसते बघा. रागावू नका, सांगूही नका. जिथे थांबते तिथे खूण करा आणि ते पान घेऊन शनिवारी सकाळी या. मी घरीच असतो.